भरल्या टाकीचा लाल दिवा

ईश्वरप्पाला गाडी चालवताना पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हसायचा, कारण तो डाव्या बाजूला बसायचा. गाडीचं स्टिअरिंगच डावीकडं होतं, त्याला तो तरी काय करणार? किल्लारीच्या भूकंपानंतर देशोदेशीची मदत आली, त्या मदतीबरोबर ही गाडी आली होती. परदेशातली माणसं बायकापोरांना घेऊन सुट्टीत हिंडायला वापरतात, तसलं ते चाकांवरचं घर. आत ओटा, नळ, झोपायची फळी, एवढंच काय, संडाससुद्धा. मदतीचं काम आटोपल्यावर ती परत नेण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बीडमधल्या आमच्या संस्थेनं ती मागून घेतली, बाहेरून पांढरा रंग मारला आणि वर 'फिरता दवाखाना' असं लिहिलं. डॉक्टर रुद्राणीबाई रोगी तपासायच्या, मी औषधं द्यायचो आणि ईश्वरप्पा गाडी हाकायचा.

हा ईश्वरप्पा मूळचा दिंद्रुडचा. घरचं किराणा दुकान. धाकटा भाऊ संगमेश्वर दुकानात छान रमला. ह्याला मात्र गादीवर बसवलं की पेंग यायची. शेवटी बापानं कंटाळून नाद सोडला आणि हा ट्रकवर गेला, तिथून पाण्याच्या टँकरवर. दुष्काळाच्या वर्षांत त्यानं अर्धा जिल्हा टँकरनं पालथा घातला होता. माणूस लई चोख. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय आणि कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. खोटं बोलायचं वेळेवर सुचायचंच नाही त्याला. पोलिसानं अडवलं तर आपणच आधी चूक सांगून मोकळा व्हायचा, आणि मग आम्ही सगळे उन्हात तासभर उभे. त्याच्या ह्या खरेपणाचा मला किती वेळा राग आला असेल, ते मलाच माहीत.

गाडीच्या पोटात तीन टाक्या होत्या. एक चांगल्या पाण्याची, एक धुण्याच्या पाण्याची आणि तिसरी संडासाची. कुठल्या टाकीत किती भरलंय ते कळायला दाराजवळ एक पट्टी होती. बटण दाबलं की दिवे लागायचे. खाली लाल, त्यावर पिवळा, मग दोन हिरवे. नुसता लाल लागला की तळाला थोडंसं उरलंय, चारही लागले की टाकी काठोकाठ; जास्तीचं पाणी मागच्या एका नळीतून बाहेर सांडायचं. टाकीच्या अंगाला एकावर एक बोल्ट बसवलेले होते, पाणी ज्या बोल्टापर्यंत पोचेल तिथवरचे दिवे लागायचे. इतकं साधं ते काम.

संडासाची टाकी पहिल्या दिवसापासून 'भरली' म्हणत होती. आम्ही कोणी तिचा वापरही केला नव्हता. ईश्वरप्पा म्हणायचा, "गोऱ्यांचा ऐवज हाय, त्यो काय सुखासुखी जातोय व्हय?" आतल्या बोल्टांना जुनी घाण चिकटली होती, म्हणून रिकामी टाकीसुद्धा भरल्याची बतावणी करायची. एकदा त्यानं तिच्यात धुण्याची पावडर आणि पाणी ओतून मांजरसुंब्याच्या घाटातून गाडी मुद्दाम हिसके देत चालवली. टाकी आतून विसळून निघाली, आठवडाभर दिवे खरं बोलले, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टरबाई हसून लोटपोट झाल्या. त्या टाकीच्या खोटेपणानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. चांगल्या पाण्याची टाकी मात्र कधी चुकली नव्हती, त्यामुळं त्या दिव्यांवर त्याचा पक्का विश्वास बसला.

आधी तो असा नव्हता. टँकरवर असताना टाकीला बोटाच्या पेरानं टकटक करायचा. पाणी असेल तिथवर आवाज बसका, त्याच्या वर पोकळ. त्याला चार बोटांचाही फरक कळायचा. दिवे आले आणि ती टकटक सुटली. पण ती नुसत्या सोयीसाठी सुटली नाही, हे त्यानंच मला पुढं सांगितलं. उन्हाळ्यात पाण्याची गाडी दिसली की माणसं हात करणारच. टँकरवर असताना प्रत्येकाला 'न्हाई' हे आपल्या तोंडानं म्हणावं लागायचं, आणि मग त्याला जेवण जायचं नाही. आता तो मागणाऱ्याला दारात बोलवायचा आणि बटण दाबून दाखवायचा. लाल दिवा दिसला की माणूस मुकाट मागं फिरायचा. जणू नकार दिव्यानंच दिला. "त्या दिव्यानं माजं पाप सोताच्या डोक्यावर घेतलं, आसं मला वाटायचं," तो म्हणाला.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण खरी मेख तिथं आहे. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. हार, लिंबू, मिरच्या, नारळ. पण ईश्वरप्पाचं सगळंच सांगोपांग. त्या वर्षी त्यानं गाडीखाली आडवं होऊन टाक्या पुसल्या, बोल्टांवरच्या तारा सोडवल्या, तुपात भस्म कालवलं आणि जो बोल्ट हाताला लागला त्याला तीन बोटांनी पट्टे ओढले. मग तारा पुन्हा आवळल्या. चांगल्या पाण्याच्या टाकीचा सगळ्यात खालचा बोल्ट आडोशाला होता, तिथं हात पोचला नाही. वरच्या तिघांना मात्र भस्म लागलं. मी हसलो तर म्हणाला, "हसू नको बे. आपल्या जिवाला पानी देतेत ते." पुढं काही महिने दिवे नीट लागत राहिले. त्या तुपात धूळ बसली, थर धरला, आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं तारा हळूहळू ढिल्या झाल्या.

होळी होऊन गेली होती. नांदूरघाटला शिबिर होतं. मी आणि डॉक्टरबाई जीपनं पुढं गेलो, ईश्वरप्पा मागून गाडी घेऊन निघाला. संस्थेच्या नळाला पहाटे पाणी यायचं आणि गाडीची टाकी भरून ठेवणं हे बंकट नावाच्या राखणदाराचं काम. ईश्वरप्पानं निघताना बटण दाबलं. नुसता लाल. बंकट झोपला म्हणून त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मांजरसुंब्याला भरून घेऊ म्हणून निघाला. मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर त्या दिवसांत नवी टूम आली होती. बाटलीबंद थंड पाणी विकायला मांडलेलं असायचं. पण ढाब्याच्या बोअरला पाण्याचा थेंब नव्हता. मालकानं हात जोडले. ईश्वरप्पा तसाच पुढं गेला. चढावर गाडी जड जात होती, हे त्याला जाणवलं होतं. डिझेलमध्ये भेसळ असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. टँकर चालवलेला माणूस! भरल्या टाकीचं ओझं त्याच्या हातांनी ओळखलं होतं आणि त्यानं हातांवर विश्वास ठेवला नाही, दिव्यावर ठेवला.

नांदूरघाटच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला मेंढरं बसली होती. बसली म्हणजे ऊन लागून एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी होती. त्यांच्यापुढं भामाबाई. धनगराची म्हातारी, काटक, डोईवर पदर. स्टिअरिंग डावीकडं असल्यामुळं ईश्वरप्पाच्या खिडकीला आणि तिच्या तोंडाला हातभराचंच अंतर.

"बाबा, पानी हाय का रं? कालच्यान् मेंढरांच्या तोंडात थेंब न्हाई. मालक हिरीवर इचारायला गेल्यात, पर लाइट न्हाई म्हनत्यात."

"न्हाई मावशे. दवाखान्याची गाडी हाय."

"समद्यांला नगं. कोकरांपुरतं दे."

त्यानं तिला दारात बोलावलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. म्हातारीनं असलं कधी पाहिलं नव्हतं. ती दिव्याकडं बघत राहिली.

"हे बग, लाल हाय. तळाला असंल पेलाभर, त्ये डाक्टरबाईला हात धुवाया लागतंय. रोग्याचं काम हाय."

"तुजा नाइलाज हाय बाबा," असं म्हणून ती उतरली. त्यानं आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्या लोट्यात ओतलं आणि निघाला. आरशात बघितलं नाही.

नांदूरघाटला शाळेपुढं गाडी लागली. रोग्यांची रांग होतीच. डॉक्टरबाईंनी नळ सोडून हात धुवायला घेतले, तसा ईश्वरप्पा दारातून ओरडला, "बाई, जपून! पानी न्हाई."

"चांगलं धो धो येतंय की," बाई म्हणाल्या.

मी सुया उकळायला पातेलं भरलं. मग हात धुवायची बादली भरली. नळाची धार काही बारीक होईना. ईश्वरप्पा दारातून हे बघत होता. एकदम तो खाली उतरला, गाडीखाली गेला, आणि मला टकटक ऐकू आली. खालून वर, वरून खाली. सगळीकडं आवाज बसका. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. मी खाली उतरून विचारलं, "काय झालं?" तो सरळ डावीकडच्या जागेवर चढला आणि गाडी सुरू केली. डॉक्टरबाई कशाबशा खाली उडी मारून उतरल्या. औषधं, सुया, तपासायचं टेबल सगळं घेऊन गाडी धुरळा उडवत गेली. बाई इतक्या चिडल्या होत्या की रांगेतली माणसंच त्यांना शांत व्हा म्हणायला लागली. मीही मनातल्या मनात त्याला कामावरून काढून टाकलं.

पुढचं त्यानं संध्याकाळी परत आल्यावर मला सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

तो पोचला तेव्हा रस्त्याच्या कडेला कोणी नव्हतं. कळप शेतात उतरला होता. एका उसाच्या फडाच्या कडेला सिमेंटचा हौद होता आणि त्यात मालकानं पिकाला सोडायला युरिया कालवून ठेवला होता. मेंढरांना त्यातलं काय कळणार? पाण्याचा वास आला आणि ती म्हातारीच्या हाती राहिली नाहीत. भामाबाईचा नवरा मुंजाजी काठी घेऊन त्यांना हौदापासून हाणत होता, रडत होता आणि हाणत होता. जी पोटभर प्यायली होती ती आडवी पडली होती. पोटं टम्म, पाय ताठ, अंगाला थरथर. कोकरं आयांना ढुशा देत होती.

ईश्वरप्पानं गाडी बांधावरून थेट शेतात घातली आणि नळ सोडला. भामाबाईनं गाठोड्यातली चिंच काढून गाडीतल्याच पातेल्यात कोळली. युरियाला आंबटाचा उतारा, हे त्या लोकांना ठाऊक असतं. एकानं जबडा उघडायचा, दुसऱ्यानं बांबूच्या पोकळ नळ्यानं ते पाणी पाजायचं. बाकीच्या कळपाला चांगलं पाणी दाखवून हौदापासून ओढून आणायचं. टाकी आटेपर्यंत ते तिघं हेच करत होते. काही जनावरं वाचली. बरीच गेली. वाचली त्यांच्यातल्या पुष्कळांनी हौदाला तोंडच लावलेलं नव्हतं. ईश्वरप्पाचं पाणी कामी आलं ते एवढंच.

सगळं झाल्यावर भामाबाई चिखलात बसली. मग उठून तिनं लोटा भरला आणि आधी ईश्वरप्पापुढं धरला.

"पी बाबा. आमच्यासाटी पानी घिऊन परत आलास. कोन येतंय?"

"म्या पेलो," ईश्वरप्पा मला म्हणाला. "तिच्यासमोर पेलो ते पानी. कावून पेलो, देवाला ठाव. कुठून तरी भरून आनलं आसं वाटलं आसंल तिला. सांगायचं व्हतं, टाकी तवाच भरल्याली व्हती. तोंड उगडलंच न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हणालो, "अरे, दिवा बिघडला, तुझा काय दोष?" तो म्हणाला, "दिव्याला भस्म कुनी फासलं? आन् टकटक करायला हात मोडले व्हते का माजे?"  दुसऱ्या दिवशी त्यानं तिन्ही बोल्ट पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केले. दिवे पुन्हा खरं बोलायला लागले, पण तो त्यांच्याकडं बघेना. गवंडी सपाटी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी त्यानं बाजारातून आणली, टाकीच्या खालच्या तोंडाला जोडली आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला उभी बांधली. टाकीत जेवढं पाणी, तेवढंच नळीत उभं दिसायचं. रस्त्यावरच्या कुणाही माणसाला दिसायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाहेर कशाला? लोक बघतील आणि मागतील." तो म्हणाला, "मागू द्या." 

त्यानंतरचा ईश्वरप्पा वेगळा झाला. पोलिसाला आधी चूक सांगणारा माणूस ही एक चूक मात्र पोटात घेऊन बसला. मेंढरं दिसली की गाडी थांबायचीच, मग आम्हांला शिबिराला उशीर होवो की बाई ओरडोत. भामाबाईचा कळप दरवर्षी त्याच वाटेनं जायचा. ते दिवस आले की हा बेचैन व्हायचा, तिला गाठेपर्यंत त्याला चैन पडायची नाही, आणि गाठल्यावर तर अजिबातच नाही. ती त्याला सख्ख्या भाच्यासारखी वागवायची. भाकरी खायला घालायची. वाचलेल्या मेंढरांच्या लोकरीची एक काळी घोंगडी विणून घेऊन तिनं त्याला दिली. त्यानं ती कधी अंगावर घेतली नाही, अंथरली नाही; घडी करून फळीवर ठेवली. पुढच्या वर्षी म्हातारीनं ती तशीच पाहिली आणि रागावली, "टोचती व्हय रं तुला?" ह्यानं मान खाली घातली. तोंडावर आलेलं प्रत्येक वेळी गिळायचा. परतीच्या वाटेवर मला म्हणायचा, "आज बी न्हाई झालं." मी कधी समजूत काढायचो, कधी वैतागून म्हणायचो, "एक तर सांगून टाक, नाहीतर विसर बाबा." त्याला दोन्ही जमत नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. मुंजाजी वारला. कळप आता भामाबाईचा मुलगा बजरंग बघायचा, म्हातारी मागं मागं चालायची. त्या वर्षी ती आम्हांला नेकनूरच्या बाजूला एका लिंबाखाली भेटली. बजरंग मेंढरं घेऊन पुढं गेला होता. तिनं तीन दगडांवर चहा टाकला होता. तिला दम लागत होता, डॉक्टरबाईंनी छाती तपासून मला डोळ्यांनीच, आता फार दिवस नाहीत, अशी खूण केली होती, आणि ते ईश्वरप्पानं पाहिलं होतं.

तो तिच्यापुढं उकिडवा बसला. हात जोडले. "मावशे, मला येक सांगायचं हाय. त्या साली तू पानी मागितलंस, तवा माज्या टाकीत पानी व्हतं. भरल्याली व्हती टाकी."

बोलून झालं तसा तो गदगदून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते. मला वाटलं, सुटला एकदाचा.

भामाबाईनं चहा फडक्यानं उतरवला. तिच्या तोंडावर नवल नव्हतं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"आँ?"

"तू गाडी चालू केलीस न्हवं, तवा मागच्या नळीतनं पानी हिंदकळून सांडलं. सडकंवर वल्ली रेघ वढत गेलास लांबवर. मेंढरं त्या रेघंला लागली. डांबर चाटत तुज्या मागं पळत व्हती. ती पांगली ती तितंच. म्या वराडले, पर तू काय बगितलं न्हाईस."

ईश्वरप्पाचं रडणं थांबलं. 

"मंग तवाच कावून न्हाई बोललीस?"

"काय बोलायचं? तुला द्यायचं नव्हतं, तू दिवा दाखिवलास. कुनाचं बी मन हुतंय तसं. पर खोटं बोलून परत फिरल्यालं मानूस म्या पयल्यांदा बगितलं. म्हनून तर घोंगडी दिली तुला."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं हिनं त्याला खोटारडा समजून माफ केलं होतं, आणि तो खोटं बोललाच नव्हता. मी पुढं सरकलो आणि म्हणालो, "अहो आजी, तसं नव्हतं, तो दिवाच—"

ईश्वरप्पानं माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की मी गप्प बसलो. त्यानं डोळे पुसले.

"व्हय मावशे," तो म्हणाला. "खोटं बोललो व्हतो."

म्हातारीनं मान डोलावली आणि पहिली कपबशी त्याच्या हातात दिली.